घामाची खोली

उत्साही: काका, मी काही नवं खूळ घेऊन आलेले नाही. घामाची खोली आपल्याकडे होतीच, आपण तिला न्हाणी म्हणत होतो एवढंच. आजीच्या घरी न्हाणीत तांब्याचं भाण चुलीवर कायमचं बसवलेलं होतं. खाली सोडणं, करवंट्या, चुडतं पेटलेली, वर पाणी रटरटतंय आणि कोपऱ्यात अंगाला तेल चोळलेली बाळंतीण. श्रावणातल्या ओल्या दिवसात त्या खोलीतून माणूस बाहेर यायचा तो हलका होऊन. फिनलंडमध्ये हेच वेगळ्या रीतीने करतात. लाकडाने मढवलेली लहानशी खोली, तिच्या कोपऱ्यात दगड भरलेला हीटर, हवा ७० ते १०० अंश सेल्सिअस, आणि मधूनच तापल्या दगडांवर ओतलेलं पळीभर पाणी. पंचावन्न लाख वस्तीच्या त्या देशात तीसेक लाख सॉना आहेत. २०२०च्या डिसेंबरात युनेस्कोने फिनलंडची सॉना संस्कृती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. म्हणजे ही बड्या हॉटेलातली चैन नाही, घरची गोष्ट आहे. मला ती आमच्या मागच्या पडवीला लागून असलेल्या सामानाच्या खोलीत करायची आहे. सहा फूट बाय पाच फूट, उंची सात. पावसाळ्यात आपल्या मालवणात किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, पॅरासेलिंग बंद. आमच्या निवास-न्याहारीत पाऊस बघायला पाहुणा येतो, दोन दिवस दमट कपड्यांत बसतो आणि तिसऱ्या दिवशी निघतो. त्याला ऊब देता आली तर तो राहील. हीटर मी परदेशातून मागवणार नाही. कुडाळच्या एमआयडीसीत एक फॅब्रिकेटर हॉटेलांची किचनं बनवतो, तो करून देतो म्हणालाय.

साशंक: ऊब द्यायला माझी ना नाही. पण न्हाणीचं उदाहरण तू उलट्या बाजूने धरलंस, बाय. त्या न्हाणीत एवढा जाळ, एवढा धूर, तरी माणूस सुखरूप बाहेर यायचा. का यायचा? वर नळे होते, नळ्यांच्या फटीतून धूर निघून जायचा. भिंतीचा माथा आणि छप्पर यांच्यात वीतभर जागा मोकळी. दार चौकटीत पुरतं बसत नव्हतं, खालून वारा यायचा. कितीतरी घरांत चुलीचं तोंडच बाहेरच्या अंगाला, जाळ बाहेरून घालायचा. पुण्याकडचा तांब्याचा बंब घे. तांबट आळीतल्या ज्या कारागिराने तो ठोकून घडवला त्याच्याकडे कुठल्या प्रयोगशाळेचा शिक्का नव्हता. पण मधे जाळाची नळी, भोवती पाणी, वर ओतायला उघडं तोंड. थंड पाणी वरून ओतायचं, गरम तोटीतून घ्यायचं. कितीही निखारे घाल, वाफ वरून निघून जाणार, कोंडून फुटायला जागाच नाही. त्याची सुरक्षितता कागदावर नव्हती, घडणीत होती. पुढे बंबाचं काम गॅस गीझरकडे आलं. न्हाणीघराला सरकत्या काचा आल्या, दार घट्ट बसायला लागलं. बंद खोलीत गॅस जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. आंघोळीला गेलेलं माणूस अर्ध्या तासाने हाक मारली तरी ओ देत नाही, अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. गीझर नवा, खोली नवी, दोन्ही एकत्र आले आणि माणूस गेला. म्हणून माझी भीती उष्णतेची नाही. बंद खोलीची आहे. आणि सॉना म्हणजे मुद्दाम बंद केलेली खोली.

उत्साही: बंद खोली आपल्याला परकी आहे असं मात्र म्हणू नका. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौदावा अध्याय स्वेदाचा आहे. अग्नीने घाम काढायचे तेरा प्रकार त्यात आहेत आणि त्यांतला एक जेन्ताक. तो वाचला आणि मी उठून बसले. गोल इमारत बांधायची, उंची सोळा अरत्नी, रुंदी तेवढीच. अरत्नी म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचा हात, तेव्हा साधारण चोवीस फूट. भिंती मातीने लिंपलेल्या, झरोके पुष्कळ. भिंतीला लागून आतून सगळीकडे एक हात उंच, एक हात रुंद असा कट्टा, थेट दारापर्यंत. मधोमध पुरुषभर उंचीची मातीची भट्टी, तिला बारीक बारीक भोकं, वर झाकण. आत खैराची लाकडं पेटवायची, ती नीट जळून धूर निघून गेला की मगच रोग्याला आत घ्यायचं. फिनलंडमधले जुने धुराचे सॉना असेच चालतात. धुराडं नाही. आधी दगड तापवायचे, जाळ विझू द्यायचा, धूर बाहेर काढायचा आणि मग बसायचं. दोन टोकांच्या माणसांना एकच रीत सुचली. आणि चरकाची ती भट्टी कुणी बनवली असेल? गावच्या कुंभाराने. मग कुडाळचा फॅब्रिकेटर का नको?

साशंक: हे तू चांगलं काढलंस. पण पुढचंही वाच. इमारत तळ्याच्या काठी बांधायची, पण पाण्यापासून सात-आठ अरत्नी सोडून. आत गेलेल्या माणसाला बजावून सांगायचं की घामाने मूर्च्छा आली तरी कट्टा सोडू नकोस. कट्टा सुटला तर दार सापडणार नाही आणि प्राण जाईल. कट्टा दारापर्यंत का नेलाय ते आता कळलं? डोळ्यांपुढे अंधारी आलेल्या माणसाने हाताने चाचपत दाराशी पोचावं म्हणून. हे वाक्य लिहिणाऱ्याने असा कुणीतरी माणूस पाहिला असणार, त्याशिवाय एवढ्या नेमकेपणाने लिहिता येत नाही. शिवाय कुणाला स्वेद द्यायचा नाही त्याची यादी आहे: गर्भिणी, मधुमेही, रोज मद्य घेणारा. भट्टीची उंची, झरोके, कट्टा, दार, पाण्यापासूनचं अंतर आणि आत जाणाऱ्याची प्रकृती, हे सगळं एकाच उताऱ्यात, एकाच माणसाच्या नजरेखाली. याला मी बांधकाम नियमावली म्हणतो.

आता आपल्याकडे काय आहे ते बघ. विजेच्या साध्या गीझरला आयएस २०८२ लागतो, आयएसआय मार्क सक्तीचा. पण तो मार्क टाकीचा आहे. ती टाकी कुठल्या न्हाणीघरात लागणार याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. वायरिंगला आयएस ७३२, अर्थिंगला आयएस ३०४३. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ची, भारदस्त ग्रंथ आहे, पण ती शिफारस. स्थानिक नियमावलीने उचललं तेवढंच बंधनकारक. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२०ची. ती खोलीचं क्षेत्रफळ बघते, उंची बघते, उजेड-वारा बघते. वायरमनचा टेस्ट रिपोर्ट महावितरणला जातो, त्यात मीटरपासून बोर्डापर्यंतची कथा असते. घराचा कागद ग्रामपंचायतीत. आणि तुझं घर समुद्राच्या एवढं जवळ, म्हणजे किनारा नियमन आलंच. २०१९च्या अधिसूचनेत स्थानिकांना राहत्या घरात निवास-न्याहारी चालवायची मुभा आहे, पण जोत्याचं क्षेत्र, घराचा आराखडा, दर्शनी भाग बदलायचा नाही. तू सामानाचीच खोली धरलीस हे शहाणपणाचं केलंस. माडाखाली वेगळी खोली बांधली असतीस तर पहिल्याच पावलाला अडकली असतीस. पण मुद्दा हा की एवढ्या सगळ्यांत हीटर आणि खोली दोन्ही एकत्र बघणारं माणूस कोण? कुणीच नाही. सॉनात हीटर हे यंत्र नाही आणि खोली ही इमारत नाही. दोन्ही मिळून एकच यंत्र आहे. आपण त्याचे तुकडे करून तीन-चार टेबलांवर वाटलेत.

उत्साही: मग तर माझीच बाजू मजबूत झाली. परदेशी हीटरवर शिक्का असतो, तोही तिकडच्या खोलीत तपासलेला. तिकडची हवा कोरडी, वीज स्थिर, दगडावर ओतायचं पाणी तळ्याचं गोडं. आमच्या विहिरीचं पाणी एप्रिलपासून मचूळ लागतं. ते पाणी लालबुंद तापलेल्या स्टीलवर पडलं की क्षार बसणार, क्लोराईडने नळीला बारीक छिद्रं पडणार. खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गज दोन वर्षांत पोपडे धरतात, तिथे तिकडचं नाजूक पत्र्याचं खोकं किती टिकेल? आणि एलिमेंट गेलं तर? महिनाभर वाट बघायची, नाहीतर इथल्याच कुणाकडून दुसरं बसवून घ्यायचं. ज्या दिवशी ते बसवलं त्या दिवशी त्या शिक्क्याला अर्थ राहिला नाही. म्हणजे शिक्का पहिल्या दुरुस्तीपर्यंतचा. त्यापेक्षा इथला माणूस ३१६ ग्रेडच्या स्टीलमध्ये बॉडी करेल, एलिमेंट सुटं काढता येईल असं बसवेल, बिघडलं तर स्कूटरवर टाकून न्यायला येईल. दगड जांभ्याचा घालायचा नाही हे त्यानेच मला सांगितलं. जांभा पाणी पितो, तापून थंड होताना तडकतो. ओढ्यातला गुळगुळीत गोटाही नको, आत ओल धरलेली असेल तर फुटून उडतो. घाटावरचा घट्ट काळा दगड फोडून आणणार आहे. हे ज्ञान पेटीवरच्या स्टिकरमध्ये नसतं.

साशंक: माणूस जाणता दिसतो. त्याच्याबद्दल माझी तक्रार अर्धी मागे घेतली. उरलेली अर्धी सांगतो, ती लक्ष देऊन ऐक.

खोलीच्या घनमीटरला साधारण एक किलोवॅट हा बनवणाऱ्यांचा अंदाज. तुझी खोली सहा घनमीटर, म्हणजे सहा किलोवॅट. पण तो हिशेब आतून लाकूड आणि उष्णतारोधक थर असलेल्या खोलीचा. उघड्या चिऱ्याच्या भिंतीला प्रत्येक चौरस मीटरमागे एक-दीड घनमीटर जादा धरायचा असतो, कारण दगड आधी स्वतः उष्णता खातो. तुझ्या चार भिंती चौदा चौरस मीटर. भिंत उघडी ठेवलीस तर वीस किलोवॅटचा हीटरही पुरायचा नाही. म्हणजे मढवणं आलं. चिरा, मग पट्ट्या, मग लोकर, फॉइल आणि वर फळ्या. फॉइलमागे ओल शिरली की ती बाहेर पडत नाही, आणि आपल्याकडे ओल शिरणार नाही असा एक आठवडाही जूनपासून सप्टेंबरपर्यंत मिळत नाही. बुरशी, मग वाळवी. ही गोष्ट फिनलंडच्या पुस्तकात सापडायची नाही.

आता वीज. सहा किलोवॅट सिंगल फेजवर म्हणजे सव्वीस अँपिअर. तुझं कनेक्शन त्याला पुरणार नाही, मंजूर भार वाढवून थ्री फेज घ्यावं लागेल. मे महिन्यात संध्याकाळी आपल्या फीडरच्या टोकाला व्होल्टेज १८०वर येतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते; तुझे सहा किलोवॅट पावणेचारच्या खाली येतात. पाऊण तासात तापणारी खोली दीड-दोन तास घेते, पाहुणा कंटाळतो आणि कोणीतरी सुचवतं की एलिमेंट मोठं टाका. रात्री अकराला व्होल्टेज पुन्हा २४०. मोठं एलिमेंट, चढलेलं व्होल्टेज आणि आत वायर कुठली? आपली नेहमीची पीव्हीसीची, सत्तर अंशांपर्यंतची. छताजवळ हवाच नव्वद-शंभर अंश. आयईसी ६०३६४ या मानकात सॉनासाठी वेगळा ७०३ क्रमांकाचा भाग आहे. त्यात जमिनीपासून मीटरभराच्या वर जे काही बसवाल ते १२५ अंश सोसणारं आणि वायरचं आवरण १७० अंशांचं हवं असं सांगितलंय. सिलिकॉनची वायर मिळते, महाग असते, आणि आत फळीमागे कुठली ओढलीय हे एकदा खिळे ठोकले की देवालाच ठाऊक.

आणि सगळ्यांत नाजूक जागा पुढची. एलिमेंटच्या नळीत तार असते आणि तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. ही पूड हवेतला ओलावा पिते. हीटर आठ-दहा दिवस बंद राहिला की चालू करताक्षणी थोडा करंट नळीतून बॉडीत गळतो आणि गळती पकडणारा आरसीसीबी पडतो. तीस मिलिअँपिअरला तो पडलाच पाहिजे, त्यासाठीच तो आहे. तापल्यावर पूड सुकते, गळती थांबते. पण तोवर तीनदा बटण पडलेलं असतं आणि पाहुणा टॉवेल गुंडाळून उभा असतो. अशा वेळी काय होतं ते मी वायरिंगच्या कामात चाळीस वर्षं बघतोय. आरसीसीबी बायपास.

उत्साही: थांबा काका. मीही थोडं वाचलंय. तुम्ही ज्या ७०३चा दाखला देता त्यातच म्हटलंय की सॉनाच्या सगळ्या सर्किटना तीस मिलिअँपिअरचं संरक्षण हवं, फक्त हीटरला ते नसलं तरी चालेल, बनवणाऱ्याने सांगितलं असेल तरच लावा. म्हणजे ही अडचण त्यांनाही माहीत आहे आणि त्यांनी वाट काढलीय. आपला नियम मात्र दोन किलोवॅटच्या वरच्या जोडणीला सरसकट गळती-संरक्षण मागतो. मग नियम पाळणारा कोण? घरभराचा आरसीसीबी वैतागून काढून टाकणारा, की हीटरचं सर्किट वेगळं घेऊन बाकीचं घर सांभाळणारा? मी दुसरी होईन. हीटरला स्वतंत्र लाइन, त्याला स्वतंत्र आरसीसीबी, आणि पावसाळ्यात पाहुणा असो नसो, दोन दिवसांआड वीस मिनिटं हीटर चालवून पूड सुकी ठेवायची. लोणच्याच्या बरणीला ऊन दाखवतो तसं.

साशंक: ऊन दाखवायचं हे मला पटलं. पण त्या मानकात सूट कशाच्या भरवशावर दिलीय? अर्थिंगच्या. बॉडीला लावलेली अर्थची वायर शाबूत असेल तर गळलेला करंट तिच्यातून जमिनीत जातो. आणि आपल्याकडे? कर्लीच्या खाडीकाठच्या एका घरात मला बोलावलं होतं, नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या. अर्थिंगचा खड्डा उकरला. वर झाकण, त्यावर पिवळा रंग, सगळं नीट. फुटभर खाली गेलो तर जीआयचा पाइप गंजून सुटून आला, हातात त्याचा चुरा. हिरवी वायर वरच्या तुकड्याला व्यवस्थित आवळलेली, आणि तो तुकडा कशालाच जोडलेला नाही. खारी वाळू पाइप खाते. जांभ्यावरच्या घरात दुसरं दुखणं, मे महिन्यात खडक कोरडा पडला की करंट उतरायला जमीनच मिळत नाही. टेस्ट रिपोर्ट त्या घराचाही होता. तो कनेक्शन घेतलं त्या दिवसाचा होता, आणि त्या दिवशी तो खरा होता.

उत्साही: आता मी जरा रागाने बोलणार आहे. तुम्ही मला जे विचारताय ते कुणी कुणाला विचारतं? प्रत्येक लॉजच्या बाथरूममध्ये बादलीत दीड हजार वॅटची रॉड लोंबकळते. मोलकरीण ओल्या हाताने पाणी तापलं का बघते. त्याला कुठला निरीक्षक येतो? तौक्तेच्या वादळानंतर, मे २०२१मध्ये, कितीतरी दिवस वीज नव्हती. तेव्हा लोकांनी जनरेटरच्या वायरी खिडकीतून आत घेतल्या, त्यातल्या काही अजून लोंबतायत. मी परवानगी मागायला गेले तर प्रत्येक टेबलावर मला विचारतील, सॉना म्हणजे काय? आणि ज्याला कळत नाही तो नाही म्हणतो. न विचारता करणाऱ्याला कुणी अडवत नाही. तुमची नियमावली धोका असलेल्याला पकडत नाही, प्रामाणिकपणे दार ठोठावणाऱ्याला पकडते. मग इथल्या कारागिराने काय करायचं? एका नगासाठी प्रयोगशाळेत नमुना पाठवणं त्याला परवडणार नाही. दहा नग विकल्याशिवाय चाचणी नाही, आणि चाचणीशिवाय पहिला नगही नाही. म्हणजे त्याने हॉटेलांची कढई आणि सिंकच करत बसायचं.

साशंक: तुझा राग खरा आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. रॉडचं तू म्हणतेस ते तर मला रोज सलतं. पण एक फरक आहे, तो मला पुसता येत नाही. स्वतःच्या घरात तू स्वतःसाठी काही बनवलंस तर चुकीची खूण तुझ्या अंगाला आधी कळते. आज जास्त तापतंय, आज वास येतोय. पाहुण्याला यातलं काही कळत नाही. तो पैसे देतो आणि डोळे मिटून बसतो. फिनलंडचं माणूस लहानपणापासून आईच्या मांडीवर सॉनात बसलेलं असतं. किती झालं, केव्हा उठायचं, हे त्याला शिकवावं लागत नाही. पूर्व फिनलंडच्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचं प्रमाण कमी दिसलं. तो आकडा इकडच्या जाहिरातींत झळकतो. पण ती जन्मभर सवय असलेली माणसं. बाहेर आल्यावर त्यांना बर्फाची हवा मिळते. तुझा पाहुणा बाहेर येईल तो श्रावणातल्या दमट पडवीत, जिथे घाम वाळतच नाही. विहिरीचं पाणी सव्वीस-सत्तावीस अंश. त्याचं अंग निवायला वेळ लागणार. दुपारी त्याने सुरमईबरोबर दोन बियर घेतलेल्या. आणि स्कूबाचा हंगाम सुरू झाला की सकाळी पाण्याखाली जाऊन आलेला मुलगा संध्याकाळी तुझ्या हीटरसमोर बसणार.

उत्साही: त्याला त्या दिवशी नाही म्हणायचं, हे मला माहीत आहे. डायव्हिंगनंतर लगेच अंग तापवू नये. रक्तात विरलेला वायू गरम होताच बुडबुडे धरतो असं इथलेच प्रशिक्षक सांगतात. मालवणात उथळ पाण्यातलं डायव्हिंग असतं, धोका कमी, तरी नाहीच. दारू घेतलेल्याला नाही. बीपीची गोळी घेणाऱ्याला डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. ही चरकाचीच यादी झाली, काका. दहा मिनिटांचं वाळूचं घड्याळ आत, माझी खुर्ची बाहेर. मी बसल्याशिवाय हीटर चालू होणार नाही, त्याचं बटण बाहेरच. दाराला आतून कडी नाही, बाहेरून तर नाहीच. दार बाहेर उघडणारं. चरकाने कट्टा दारापर्यंत नेला, मी बाकडं दारापर्यंत नेईन. मला सांगा, एवढं केल्यावर उरलं काय?

साशंक: दार कुठल्या लाकडाचं?

उत्साही: फणसाचं आहे. जुन्या घराचं उतरवलेलं, जाड, भक्कम. टाकवत नाही.

साशंक: तुझ्या स्वयंपाकघराचं मागचं दार जुलैमध्ये कसं उघडतेस?

उत्साही: खांदा लावून. पावसाळ्यात फुगतंच ते. आमच्याकडे सगळीच दारं फुगतात. एका बाजूने मी ढकलते आणि…

साशंक: बोल.

उत्साही: आणि आतून आई ओढते.

साशंक: बाहेर आषाढ, आत तापल्या दगडावर ओतलेल्या पाण्याची वाफ. आतल्या अंगाने लाकूड सुकणार, बाहेरच्या अंगाने फुगणार, फळी वाकणार. कडी नसलेलं, बाहेर उघडणारं दार, सगळं नियमाप्रमाणे, आणि ते चौकटीत घट्ट बसलंय. आत घामाने गळून गेलेलं माणूस त्याला किती जोर लावेल? नियमावलीच्या एकाही पानावर हे सापडायचं नाही. दार बाहेर उघडावं एवढं लिहिलेलं असेल, आणि तुझं दार बाहेरच उघडतं. कागदावर तू पास आहेस.

उत्साही: शिवणीचं केलं तर? हलकं असतं, वाकत नाही म्हणतात. चौकटीत सगळीकडून बोटभर फट ठेवायची, खाली जास्त. कडीऐवजी नुसता लोहचुंबक, लहान मुलाने करंगळीने ढकललं तरी उघडेल असा.

साशंक: फट ठेवलीस तर खोली तापायला आणखी वेळ, आणखी वीज. तरी फट ठेव. जुन्या न्हाणीचं दारही तसंच होतं.

उत्साही: मग हे तुम्ही तपासून द्या ना. हीटर, वायर, अर्थिंग, दार, सगळं एकत्र बघणारं माणूस कोण असं तुम्हीच विचारत होतात. कागदावर लिहून द्या, काय बघितलं, कोणत्या तारखेला बघितलं. मी तो पाहुण्यांना दिसेल असा लावीन.

साशंक: वायर आणि अर्थिंग मी मोजून देईन, तारीख घालून. सहा महिन्यांनी पुन्हा मोजीन. हीटरवर त्या कुडाळच्या माणसाने सही करावी, स्वतःच्या नावाने, कुठलं स्टील, कुठलं एलिमेंट, कधी बदललं. त्याची तयारी आहे का विचार. पण सगळं मिळून खोली माणसाने बसण्याजोगी आहे, या वाक्याखाली मी सही करू का? मला तो अधिकार कुणी दिलेला नाही. आणि ज्यांना अधिकार आहे त्यांच्या फॉर्ममध्ये ते वाक्यच नाही.

उत्साही: म्हणजे ती ओळ कोरीच राहणार.

साशंक: आत्ता तरी. पाहुण्याला तू काय सांगशील त्या ओळीबद्दल?

उत्साही: विचार करते. आधी दार करून घेते. जून लागला की हीटर न लावता नुसतं दारच महिनाभर वापरून बघू. आईला आतून ढकलायला सांगते.

साशंक: पंधरा जुलैला मी येतो. दुपारी, पाऊस जोरात असतो तेव्हा.